जळक्या मुळाचा केस

६ फेब्रुवारी

निर्णय घ्यायचा तर नोंदी हव्यात, म्हणून ही सुरुवात. विषय: हनुवटीवरचे आणि जबड्याखालचे केस. ते कायमचे काढायचे आहेत. 'दाढी' हा शब्द माझ्याबाबतीत मी इथे वापरणार नाही. तो अचूक नाही.

सध्याची पद्धत: रोज सकाळी चिमटा. शाळेत असल्यापासून हेच. कामावर पोचेपर्यंत हनुवटी लाल असते, पण कामावर मास्क असतो, त्यामुळे प्रश्न येत नाही.

आमच्याकडे डोळ्यात बसवायची भिंगं बनतात. मोतीबिंदू काढल्यावर आत जे भिंग बसवतात, ते. त्यासाठी धूळविरहित खोली आहे. तिथे सगळ्यांना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, टोपी, मास्क. उघडे राहतात फक्त डोळे. मी तिथे तपासनीस आहे. शिक्षण संपल्यावर मला आणखी दोन ठिकाणी बोलावलं होतं. मी ही नोकरी घेतली, कारण इथली शिस्त मला आवडली.

आताच निर्णय का: आमच्या विभागप्रमुख मॅडमनी विचारलं आहे की रुग्णालयांत जाऊन तिथल्या लोकांना भिंगं हाताळायचं प्रशिक्षण देशील का. उघड्या तोंडाने, माणसांनी भरलेल्या खोलीपुढे. मी म्हटलं, विचार करून सांगते. मॅडम म्हणाल्या, "यात विचार कसला करायचा? तुझ्याइतकं नीट दुसरं कोण सांगणार?"

९ फेब्रुवारी

मलमं, मेण, दोरा बाद. ते कायमचं नाही. दोन पद्धती उरतात.

लेझर. केसातला काळा रंग प्रकाश शोषतो, त्याची उष्णता होते, मूळ जळतं. एका वेळी मोठा भाग होतो. तोटा असा की त्वचेतही तोच रंग असतो, आणि माझी त्वचा सावळी आहे. शिवाय मूळ जागेवर असावं लागतं, म्हणजे उपटणं पूर्ण बंद. वस्तरा चालतो.

सुई. प्रत्येक केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून वीज सोडतात. एक केस, मग दुसरा. रंगाशी संबंध नाही. 'कायमचे' हा शब्द खऱ्या अर्थाने याच पद्धतीला लागतो. लेझरवाल्यांचं बारीक अक्षर वाचलं तर ते 'कायमची घट' म्हणतात. तोटा: वर्ष-दीड वर्ष लागतं. आणि केस धरता येईल इतका वाढलेला हवा. म्हणजे प्रत्येक खेपेआधी काही दिवस वाढू द्यायचे. चेहऱ्यावर.

कागदावर सुई सरस आहे. मी लेझर निवडलं. कारण: वेळ.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "काय ते एकदाचं उरकून टाक. वाढवायचे-बिढवायचे नाहीत हं. आपल्या घरात असलं कुणालाच नाही, तूच कुणावर गेलीस कोण जाणे." मग जाता जाता म्हणाली, "आणि ट्यूबखाली शोधत बसू नकोस, तिथे भुरे दिसत नाहीत. सकाळच्या उजेडात मान मागे टाकायची आणि आतून जिभेने गाल दाबायचा. उभे राहतात."

उपयुक्त सूचना. करून पाहिली. खरंच उभे राहतात.

१७ फेब्रुवारी

त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. तरुण आहेत, बोलताना घड्याळाकडे बघतात.

"उपटता?"

"बंद केलंय."

हे खरं आहे. काल संध्याकाळपासून बंद आहे.

येताना वस्तरा फिरवून या म्हणाले. वस्तरा आणला. बाथरूममध्ये कोरडाच गालाला लावून पाहिला, मग आरशात पाहिलं. परत कागदात गुंडाळून कपाटात ठेवला. पहिल्या वेळी कात्रीने भागेल.

२६ फेब्रुवारी

पहिली खेप. रबर ताणून सोडल्यासारखं लागतं. जळक्या केसांचा वास. बाहेर स्वागताच्या टेबलावर कुणीतरी मोठ्याने हसलं. माझ्याशी संबंध नसावा.

११ मार्च

हनुवटीच्या पुढचे काही केस जेवणाच्या टेबलावर मास्क काढला की दिसतात. तेवढे अपवाद म्हणून काढले. जबड्याखालचे तसेच ठेवले आहेत. फरक मोजताना पुढचा भाग धरायचा नाही असं ठरवलं.

कामावर बुवांशी वाद. बुवा आमच्या पाळीचे प्रमुख. छातीपर्यंत दाढी आहे, त्यावरून हे नाव पडलं. आत येताना ते मास्कखाली दाढीला जाळीची पिशवी बांधतात, ती मास्कखालून थोडी बाहेर डोकावते आणि ते दमेकरी बोक्यासारखे दिसतात असं पॅकिंगच्या बायका म्हणतात. आज त्यांनी हवेतल्या धूलिकणांचा एक आकडा नोंदीतून गाळला होता. मी सही दिली नाही.

"अहो ताई, दार उघडं राहिलं म्हणून आकडा चढला. तो काय खरा आकडा आहे?"

"चढला तर चढलेला लिहायचा. नको ते मोजमाप गाळता येत नाही."

"बरं बाई. उद्यापासून मी शिंकलो तरी लिहीन. वेळेसकट."

सगळे हसले. आकडा त्यांनी लिहिला. मी सही केली.

२ एप्रिल

दुसरी खेप. डॉक्टरांनी हनुवटी इकडेतिकडे वळवून पाहिली.

"पुढे काहीच फरक नाही. विचित्र आहे. उपटत नाही ना?"

"नाही."

"मग मुळं हट्टी आहेत. ताकद वाढवू या थोडी."

मी विचारलं, थोडी म्हणजे किती. ते म्हणाले, "इंजिनिअर का तुम्ही?" आणि लेझरपासून बचावाचा काळा चष्मा माझ्या डोळ्यांवर सरकवला. त्या क्षणी काहीतरी बोलायचं होतं. काय, ते आता नीट आठवत नाही.

जबड्याच्या उजव्या बाजूला फार लागलं. सांगितलं नाही. यंत्राचा आवाज मोठा होता.

४ एप्रिल

उजव्या कडेला एकाखाली एक पट्टे उठले आहेत, शिडीसारखे. दोन ठिकाणी फोड. डॉक्टर फोनवर म्हणाले की एखाद्याला होतं असं, मलम लावा, ऊन टाळा, तिथे हात लावू नका. म्हणजे तिथले केसही तसेच राहणार.

आई म्हणाली, "कॉलर वर कर. आणि कुणी विचारलं तर भाजलं म्हणून सांग."

"भाजलंच आहे."

"मग झालं तर."

मास्कची कड नेमकी तिथेच घासते. दोरी थोडी ढिली बांधली.

९ एप्रिल

आत जाण्याआधीच्या खोलीत मास्क बदलत होते, मलमाने ओला झाला होता. तिथे कुणी नाही असं वाटलं होतं. बुवा आले. मी नवा मास्क वर ओढला. ते लगेच वळले आणि पाठ करून बाकावर बसून पायमोज्यांच्या नाड्या बांधत राहिले. त्यांना नाड्या बांधायला फार वेळ लागतो. वयामुळे असेल.

मग पाठ तशीच ठेवून म्हणाले, "ताई, मास्क ढिला आहे."

"ठीक आहे तो."

"रजा घ्या की दोन दिवस. भिंगं काही पळून जात नाहीत."

"मी ठीक आहे म्हटलं ना."

"बरं," म्हणाले आणि आधी आत गेले. त्यांनी रजेचा विषय का काढला ते कळलं नाही.

१५ एप्रिल

शेवटच्या तपासणीत बंद पाकिटात केस सापडला. भिंगाच्या कडेला चिकटलेला. त्या भिंगाबरोबर बनलेला पूर्ण गट अडवून ठेवला आहे.

मॅडम खोलीच्या काचेबाहेर उभ्या राहून ओरडत होत्या. आत शब्द ऐकू येत नव्हते, पण सगळ्यांनी एकाच दिशेला पाहिलं. बुवांकडे.

केस तपासायचं काम माझं. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आखूड, जाड, काळा. आपोआप गळलेल्या केसाचं मूळ फिकट असतं, टोकाला गोल. याचं मूळ काळं, आकसलेलं. सुईचं टोक लावलं तर त्याचा भुगा झाला. कंगव्याने, वस्तऱ्याने, जाळीतून निसटून असं होत नाही. मूळ जळालेलं आहे. लेझरनंतर असे केस एक-दोन आठवड्यांत आपोआप बाहेर पडतात, हे डॉक्टरांच्या कागदावर छापलेलं आहे.

अहवालात लिहिलं: मानवी केस, चेहऱ्यावरचा. हे खरं आहे.

छायाचित्र काढून ठेवलं. जोडलं नाही.

१६ एप्रिल

बैठक. मॅडमनी अहवाल वाचला आणि टेबलावर टाकला.

"चेहऱ्यावरचा म्हटल्यावर प्रश्नच मिटला. बुवा, किती वेळा सांगितलं तुम्हाला, ते जंगल तोडा म्हणून? उद्या हा केस कुणाच्या डोळ्यात गेला असता म्हणजे?"

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मी अहवाल सरळ करत होते.

मग ते म्हणाले, "असेल माझाच. एवढ्या जंगलातलं एक झाड गेलं तर मला कुठून कळणार?"

एकदोघे हसले. मॅडम हसल्या नाहीत. चौकशी संपेपर्यंत बुवांना गोदामात पाठवलं आहे. कारण पक्कं झालं की पाळीचं प्रमुखपद जाईल आणि आतलं कामही.

बुवांनी पुराव्याशिवाय मान्य करायला नको होतं. केसाची लांबी त्यांच्या दाढीशी जुळतसुद्धा नाही. त्यांनी निदान तेवढं तरी विचारायला हवं होतं. कुणीच विचारलं नाही.

१८ एप्रिल

बुवा दाढी काढून आले. हनुवटी लहान आहे, मध्ये खळगा आहे. चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग वरच्यापेक्षा गोरा, दोन माणसांचे तुकडे जोडल्यासारखा. कॅन्टीनमध्ये सांगत होते, "बायकोने दार उघडलं आणि विचारलं, कोण पाहिजे? म्हटलं, तूच. तर दार लावून घेतलं!" सगळे खूप हसले.

बोलताना त्यांचा हात सारखा छातीशी जातो. तिथे काही नसतं. मग तो हात खिशात घालतात.

मी माझा डबा न उघडता परत आणला.

२१ एप्रिल

मॅडमना उद्या अंतिम अहवाल हवा, कारण आणि सहीसकट.

धूळविरहित खोलीत काम करणाऱ्यांपैकी आणखी कुणी लेझर घेतलं असण्याची शक्यता शून्य नाही. हे वाक्य मी अहवालात लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शून्य नाही हे बरोबर आहे. पण माझ्याकडे असं वाक्य कुणी घेऊन आलं असतं तर मी सही दिली नसती.

संध्याकाळी आईला सांगितलं. सगळं नाही, गरजेपुरतं.

"तू कशाला मध्ये पडतेस? तो म्हणाला ना माझा म्हणून? दाढी काय, परत येईल."

"काम परत येणार नाही."

"आणि तुझी अब्रू? ती येणार आहे का परत? जन्मभर मी..." एवढं बोलून ती थांबली आणि भांडी घासायला लागली. ती घासून झालेली होती.

२२ एप्रिल

क्रमाने लिहिते.

बैठकीच्या खोलीत मॅडम, पॅकिंगच्या दोघी, देखभालीचा माणूस, मी. बुवांना बोलावलं नव्हतं. मी म्हटलं, अहवालात दुरुस्ती आहे. छायाचित्र पडद्यावर लावलं. मूळ दाखवलं. हे उष्णतेने जळालेलं आहे, असं फक्त लेझर घेतलेल्या केसाचं होतं, बुवांनी लेझर घेतलेलं नाही, असं सांगितलं. आवाज नेहमीसारखा होता. मी त्याकडे लक्ष ठेवून होते.

"मग कुणी घेतलंय?" मॅडमनी विचारलं.

भाजल्यापासून मी धूळविरहित खोलीबाहेरसुद्धा मास्क लावत होते, सर्दीचं सांगून. तो काढला. जबड्यावर पट्टे होते, आणि पट्ट्यांच्या मध्ये इतके दिवस न काढता आलेलं जे होतं तेही. पॅकिंगमधली एक जण "अगं बाई" म्हणाली.

मॅडम माझ्याकडे न बघता पडद्याकडे बघत होत्या. "मास्क?"

"ढिला बांधला होता. कड लागत होती."

"आणि त्या दिवशीच ओळखलंस? सूक्ष्मदर्शकाखाली?"

"हो."

"आणि त्या माणसाला गोदामात जाऊ दिलंस."

"हो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "याबद्दल तुला लेखी समज मिळेल. प्रशिक्षणाचं आता विसर. चेहरा बरा होईपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही, बाहेरच्या टेबलावर बसायचं." मग दाराशी जाऊन थांबल्या. "बाकी जे आहे, ते मला विचारायचं नाही. ते तुझं तू बघ."

गोदामात गेले. बुवा खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते.

"तुमचं नाव अहवालातून काढलंय. तुम्ही उद्यापासून आत."

"बरं."

"तुम्ही न तपासता मान्य करायला नको होतं."

"चुकलंच." चिठ्ठी अंगठ्याने दाबत होते. "मला वाटलेलं तुम्ही बोलाल."

मी खोक्यावरची एक वाकडी चिठ्ठी सरळ केली.

"दाढी काढायला एक दिवस थांबलो होतो मी, ताई."

त्यांना असं का वाटलं होतं, ते विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मग त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या हातात दिला आणि पुढचं खोकं ओढलं. रांग संपेपर्यंत चिकटवल्या.

घरी आईला सांगितलं. तिने हातातलं खाली ठेवलं. "सगळ्यांसमोर? तोंड उघडं टाकून?" मग खुर्चीत बसली, ओढणीचं टोक हनुवटीशी धरून. "आता सगळे माझ्याकडे बघतील."

तुझ्याकडे, असं म्हणायचं असावं तिला.

३० एप्रिल

सुईवाल्या बाईंकडे गेले. घरातलीच एक खोली, खिडकीजवळ आडवी खुर्ची, वर मोठं भिंग. बाई साठीच्या आहेत, चष्मा दोरीने गळ्यात.

"शेवटचं कधी उपटलंस?"

"काल सकाळी. पुढचे."

असं उत्तर बहुतेक कुणी देत नसावं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "शहाणी आहेस. मग आज काय करू मी? मला धरायला काही तरी ठेव. वाढव आणि ये. भाजलंय तिथे तर अजून हातसुद्धा लावणार नाही."

"किती वाढवू?"

"दिसेल इतके." मग म्हणाल्या, "काढायचं काम माझं आहे गं, ते होतं. वाढवायचं तुमचं, तिथेच सगळ्या पळतात. चिमटा आणलायस पर्समध्ये? आण इकडे."

दिला. त्यांच्या खणात आणखी बरेच होते.

३ मे

मॅडमनी नियमाचा नवा मसुदा माझ्याकडून मागवला. जुन्यात लिहिलं होतं की दाढी असलेल्या पुरुषांनी जाळी बांधावी. मी लिहिलं: चेहऱ्यावर केस वाढलेल्या प्रत्येकाने. मॅडमनी वाचून सही केली.

बाहेरचं टेबल दाराजवळ आहे. येणारा-जाणारा प्रत्येक जण बघतो. काही जण एकदा बघतात, काही दोनदा. पहिल्या दिवशी हात सारखा हनुवटीवर जात होता. आज टंकलेखन जास्त होतं, त्यामुळे कमी गेला.

आईने विचारलं, त्या सुईवाल्या बाई दुपारीसुद्धा येऊ देतात का, घरात कुणी नसताना वगैरे. मी सांगितलं की मला सकाळची वेळ सोयीची आहे, तिने काळजी करू नये.

८ मे

उद्या पहिली खेप. दिसण्याइतके वाढले आहेत. काळे, हनुवटीखाली दाट, डाव्या बाजूला थोडे विरळ. मी सकाळी खिडकीत बसून पाहिले. काढण्यासाठी नाही, नुसते पाहिले. यांचा खरा विस्तार मला आजवर माहीत नव्हता.

कॅन्टीनमध्ये कोपऱ्यातलं टेबल भरलेलं होतं. मधल्या टेबलावर बसावं लागलं. शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबलं आणि मग जरा जास्तच मोठ्याने सुरू झालं. बुवा डबा घेऊन आले आणि समोरची खुर्ची ओढून बसले. त्यांचीही वाढते आहे, करडी, खुंटासारखी. खळगा आता दिसत नाही. दोघांची वाढ साधारण सारखी दिसते. हे मी मनात म्हटलं, पण ते माझ्याकडे बघत होते, तेव्हा त्यांच्याही मनात तेच आलं असेल.

ते जेवले. मी जेवले. पाणी पिऊन त्यांनी ग्लास ठेवला.

"खाजतं ना?"

मी इकडेतिकडे पाहिलं. शेजारचं टेबल ऐकत होतं.

"खूप," मी म्हटलं.

"पहिला आठवडा वाईट असतो. नखं लावू नका, भाजलंय तिथे तर नाहीच. हाताच्या पाठीने चोळायचं. असं."

त्यांनी करून दाखवलं. मीही तसं केलं, तिथेच, बसल्या जागी. बरं वाटलं.